तुमचा तो ळ

भादुडीसाहेबांच्या तोंडी मी तीन वर्षं ढोबले होतो.
बाकी मराठी त्यांचं चोख.
सबब, उपरोक्त, यथास्थिती
हे शब्द ते आमच्या नाझरापेक्षा नीट वापरत.
फक्त ळ आला की जीभ टाळूला लागायच्या आधीच
परत फिरायची,
चुकीच्या दाराशी आलेल्या पाहुण्यासारखी.

सिव्हिल लाइन्समधलं आयुक्त कार्यालय.
मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा बंडू
दुपारी तीनला स्वतःवरही मारून घ्यायचा.
साहेब फाइल वाचता वाचता थांबत,
ड्रॉवरमधून पिवळी वही काढत,
चार ओळी लिहीत. वही आत, किल्ली खिशात.
सगळ्यांना वाटे, गोपनीय अहवाल.
आस्थापनेच्या कडू मॅडमनी तर
बदली टळावी म्हणून गुरुवार धरले.

मला माहीत होतं.
एकदा किल्ली लावायची राहिली होती.
वर रेघ, रेघेला लटकलेली अक्षरं,
आपल्यासारखीच,
पण ओळखीच्या चेहऱ्याच्या माणसाने
ओळख दाखवू नये तशी.

मग त्या डिसेंबरात, अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात
साहेब रविभवनाच्या पायरीवरून घसरले.
उजवा हात प्लास्टरमध्ये.
रात्री साडेअकराला तारांकित प्रश्न आटोपले.
शेवटचा पळसझरीचा. साहेब पलसझरी म्हणत.
किती घरं बुडितात, किती खातेदार,
गाव कधी हलवणार.
मी पेन्सिल खाली ठेवणार तोच म्हणाले,
‘ढोबलेजी, अजून एक घ्या. बंगालीत आहे.
समजून घेऊ नका. नुसतं ऐका.’

लघुलेखनाला भाषा नसते जी.
आवाज असतो फक्त.
जाड रेघ, बारीक रेघ, एखादा ठिपका.
ते बोलत गेले, मी ओढत गेलो.
तेहेतीस वर्षांच्या नोकरीत पहिला मजकूर
ज्याच्या शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’ नव्हतं.
आणि साहेबांचा आवाज,
कसं सांगू,
ज्याला कुठेच सही करायची नाही
अशा माणसाचा.

‘वाचून दाखवा.’
वाचलं, माझ्या हिंगण्याच्या तोंडाने.
मध्ये कुठे ‘पोलाश’ असं होतं,
माझ्याकडून पळस निघून गेलं.
साहेब थांबले.
हीटरची तार लाल होऊन टिकटिकत होती.
चुकलं साहेब, म्हटलं, दुरुस्त करतो.
‘नको. राहू द्या तुमचा तो ळ.
झाड तिथलंच आहे.’

हात बरा व्हायच्या आत त्यांची बदली झाली.
ती वही त्यांनी मागितली नाही,
मीही नेऊन दिली नाही.
निरोपाच्या भाषणातही मी ढोबलेच होतो.

निवृत्तीनंतर कधीमधी उघडतो.
माझ्या रेघा माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत,
आणि मला वाचता येतात तर कळत नाहीत.
एक ओळ तीनदा येते: ‘जोल आशे’.
अकरा वर्षं समजत होतो, आशेबद्दल असेल काही.
बायकोलाही तसंच सांगितलं.
म्हटलं, मोठा माणूस, मोठंच लिहिणार.

परवा धंतोलीत, पूजेच्या मांडवामागे
खुर्च्या मोजत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबूंना विचारलं.
ते मोजणं विसरले.
म्हणाले, आशा नाही हो. येतं.
पाणी येतं.

पाणी येतं, पाणी येतं, पाणी येतं.

आणि त्याच रात्री, त्याच पेन्सिलीने,
दोन पानं अलीकडे माझ्याच हातचं:
(१) अंशतः खरे आहे.
(२) प्रश्न उद्भवत नाही.

बाबू म्हणाले, पुढचंही वाचा ना, छान आहे.
मी वही मिटली.
गोपनीय आहे, म्हटलं.